बारा माशांचा फलक : कामाच्या नोंदी

३ जून

परवा, १ जूनपासून, मासेमारी बंद. बंदरावर होड्या वर ओढून ताडपत्र्या बांधून झाल्या, आणि माझं काम आता सुरू होतंय. वाचनालयाला ए२ आकाराचा आडवा फलक हवा आहे, 'आपल्या किनाऱ्याचे मासे'. बारा मासे, प्रत्येकाखाली पुस्तकी नाव आणि मालवणी नाव. त्यातूनच बंदराच्या वाटेवर लावायला सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स, आणि मोबाइलवर फिरवायला सुट्या माशांच्या लहान प्रती. नारळी पौर्णिमेच्या आत सगळं लागलेलं पाहिजे.

यादी ठरवतानाच तासभर गेला. बोंबील घ्यायचा की नाही? तो खरा वरच्या अंगाचा, मुंबई-पालघर आणि पुढे गुजरातकडचा. वेंगुर्ल्याच्या बाजारात त्याला तो मान नाही. शेवटी बोंबील गेला, मुडदुशी आली. पापलेट पहिल्या जागी, कारण २०२३ पासून तो महाराष्ट्राचा राज्यमासा. त्याच्या शेजारी सुरमई, म्हणजे आमची इसवण, कारण सरकारने काही ठरवलं तरी इथे जेवणावळीत भाव तिलाच.

बांगडा काढायचा नाही. दोन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या कॅलेंडरासाठी मीच काढलाय. "तो आहेच की, अकराच काढायचे," असं ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या आणि मीही मान डोलावली.

४ जून

तो 'आहेच की' बांगडा शोधण्यात सकाळ गेली. क्रितामधली, म्हणजे मी चित्रं काढते त्या सॉफ्टवेअरमधली, मूळ फाइल सापडली. उघडली तर रुंदी १०८० पिक्सेल आणि एकच लेयर; एकावर एक ठेवलेले चित्राचे सुटे थर गायब. काय झालं असणार ते लगेच कळलं. कॅलेंडर झाल्यावर मोबाइलसाठी लहान प्रत हवी होती. मी सगळे लेयर एकत्र केले, चित्र बारीक केलं आणि 'एक्स्पोर्ट'वर जायच्या ऐवजी सवयीने कंट्रोल-एस दाबलं. क्रिता आधीची आवृत्ती नावापुढे ~ लावून बाजूला ठेवतो खरा, पण एकच. मी दोनदा दाबलं असणार, कारण ती जुनी प्रतही तेवढीच बारकी निघाली. दोष कोणाला देणार, बोट माझंच.

ज्यांनी कॅलेंडर छापलं त्यांच्याकडचा संगणक मध्यंतरी बदलला. उरली सगळ्यात मोठी प्रत म्हणजे वाचनालयाच्या गटावर फिरलेला फोटो. जेपेग, म्हणजे दाबून लहान केलेली चित्राची फाइल, लांब बाजू १६०० पिक्सेल.

आता गंमत अशी की हिशेबाने ती पुरते. फलकावर चार रांगा उभ्या, म्हणजे एका माशाच्या वाट्याला साधारण १३ सेंटीमीटर. १६०० पिक्सेल १३ सेंटीमीटरमध्ये बसवले तर इंचाला ३०० च्या वर जातात, आणि छपाईवाले ३०० च मागतात. फ्लेक्सवर इंचाला १०० पडतील, तेही चालतात. म्हणजे आकडा पुरतो, चित्र पुरत नाही. मोठं करून बघितलं तर बांगड्याच्या पंखाखालच्या काळ्या ठिपक्याभोवती चिलटांचा थवा बसल्यासारखी करडी घाण दिसते. पाठीवरची ठिपक्यांची ओळ आहे, पण ठिपके गोल नाहीत. पोटाच्या चंदेरी भागात चौकोनी फरशा पडल्यात.

त्या फरशा मोजल्या. आठ बाय आठ. जेपेग चित्राचे असेच आठ-आठ पिक्सेलचे चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोनातला चढउतार लाटांच्या भाषेत लिहितो आणि बारीक लाटांचे आकडे ढोबळ करून टाकतो. १९९२ साली हे प्रमाण ठरलं ते फोटोंसाठी. फोटोत आभाळ, भिंत, गाल असं सगळं हळूहळू बदलतं, त्यामुळे खपून जातं. पांढऱ्या अंगावर काळा ठिपका, जाड कागदावर शाईची रेघ, अक्षरं, असं अचानक बदलणारं काही आलं की तो ढोबळपणा कडेने सांडतो. फ्लेक्सवर असा एक चौकोन दोन मिलिमीटरचा होईल. वाटेवरून जाणाऱ्याला दिसणार नाही कदाचित. पण मासळी बाजारातल्या बायका फ्लेक्सला नाक लावून बघणार, हे मला माहीत आहे.

बांगडा परत काढायचा. बाराच्या बारा.

७ जून

कच्ची पेन्सिल रेखाटनं स्कॅन करून आणली. दुकानातल्या मुलाने आधी जेपेगच केले होते, सांगून परत ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, काही न गमावणारं टिफ करून घेतलं. "ताई, फाइल केवढी होते बघा," म्हणाला. होऊ दे. पेन्सिलची शेड आणि कागदाचा खरखरीतपणा मला ब्रशसाठी वापरायचाय, आणि एकदा गेलेला खरखरीतपणा परत येत नाही.

कॅनव्हास ठरवला : प्रत्येक मासा वेगळ्या फाइलमध्ये, ३५०८ बाय २४८० पिक्सेल, म्हणजे ए४ आडवं ३०० ला. रंग १६ बिटचे, म्हणजे छटांच्या पायऱ्या जास्त बारीक. अशा एका भरलेल्या लेयरला जवळजवळ ७० एमबी मेमरी लागते. माझ्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी, त्यामुळे वीसेक लेयरपर्यंत निभावतं, पुढे पंखा बोंब मारतो.

फोल्डर तीन. 'मूळ', यात फक्त क्रिताच्या फाइली, लेयरांसकट. 'बाहेर', यात एक्स्पोर्ट केलेलं सगळं, आणि हे कधीही पुसलं तरी चालेल असं. 'आलेलं', म्हणजे लोकांनी पाठवलेलं. 'बाहेर'मधली फाइल उघडून दुरुस्त करायची नाही, दुरुस्ती 'मूळ'मध्येच. कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलंय.

११ जून

इसवण झाली, पेडवे झाले. पेडव्यांची रापण ओढतानाचा विचार करून पाच-सहा मासे एकमेकांवर टाकले. एकटा पेडवा काढला तर तो पेडवा वाटतच नाही.

संध्याकाळी पाचपासून वीज नाही. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, अर्ध्या तासात मान टाकली. ऑटोसेव्ह दर पाच मिनिटांवर होता, वीज आल्यावर क्रिताने स्वतःहूनच विचारलं, परत आणू का म्हणून. तीन खवले गेले. आता दोन मिनिटांवर केलंय.

१४ जून

तांबोशी. आजचा सगळा दिवस तिच्यावर, आणि काढण्यात कमी, बघण्यात जास्त.

काढली सुरेख. लालभडक अंग, मागे हिरवट-निळं पाणी, पाठीवरच्या पराचे काटे दोन-दोन पिक्सेलच्या लाल रेघांनी. भाच्याला दाखवायला म्हणून जेपेग काढली, दर्जा ९०. त्याच्या फोनवर काटेच दिसेनात. परापाशी नुसता तपकिरी धूर. मला वाटलं, दर्जा कमी पडला. ९५ केला. धूर तसाच.

मग तीन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या आणि आठशे टक्क्यांवर नेल्या. पीएनजीत, म्हणजे काही न गमावणाऱ्या फाइलीत, रेघ जशीच्या तशी : दोन पिक्सेल लाल, पुढचा निळा. पहिल्या जेपेगमध्ये रेघेची उजेड-सावली जागेवर आहे, रंग मात्र शेजारच्या पाण्यात उतरलाय आणि पाण्याचा तिच्यात. तिसरी प्रतही जेपेग, दर्जा तोच ९०, पण एक्स्पोर्टच्या खिडकीत सबसॅम्पलिंगचा जो वेगळा पर्याय असतो तो बदललेला. यात रेघ जवळजवळ पीएनजीसारखीच.

कारण असं. जेपेग लाल-हिरवा-निळा असे आकडे ठेवत नाही. उजेड वेगळा काढतो आणि रंगाचे दोन भाग वेगळे. माणसाचा डोळा उजेडाच्या बारकाव्याला तिखट, रंगाच्या बारकाव्याला मंद, म्हणून रंगाचे भाग अर्ध्या रुंदीचे आणि अर्ध्या उंचीचे करून साठवायची पद्धत आहे. तिला ४:२:० म्हणतात. म्हणजे चार पिक्सेलना मिळून रंग एकच. एरवी हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण माझी लाल रेघ आणि मागचं पाणी दोन्ही सारख्याच उजेडाचे होते! चित्र काळं-पांढरं करून बघितलं तर काटे गायब. त्यांना पाण्यापासून वेगळं करणारा फक्त रंग होता, आणि नेमका तोच चौघांत वाटला गेला. ४:४:४ ठेवलं की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग राहतो, फाइल थोडी जड होते.

दर्जाचा काटा पुढे सरकवून हे सुटत नाही, हे मला इतकी वर्षं काढून आज कळलं. शिवाय तो ९० हा आकडाही काही सगळीकडे एकच नाही. एका सॉफ्टवेअरचा ९० आणि दुसऱ्याचा ९० यांचा एकमेकांशी संबंध नसतो, प्रत्येकाची मोजपट्टी आपापली.

भाचा म्हणाला, "मग वेबपी वापर ना, नवीन आहे." नवीन म्हणजे २०१० चं. करून बघितलं. वेबपीचे दोन प्रकार : एकात काही गमावत नाही, दुसऱ्यात गमावतं. गमावणाऱ्या प्रकारात रंग कायम ४:२:०, बदलायची सोयच नाही. तांबोशीचे काटे पुन्हा धुरात. न गमावणारा प्रकार छान निघाला, पीएनजीपेक्षा लहानही. पण वाचनालयाच्या जुन्या संगणकावर तो उघडेना, म्हणून राहू दिला.

मात्र एक केलं. तांबोशीमागचं पाणी एक छटा गडद केलं. कोणीतरी कुठेतरी हिची ४:२:० प्रत काढणारच आहे, तेव्हा काट्यांना उजेडाचाही आधार असलेला बरा.

१५ जून

रविवारसारखा पाऊस. काम नाही, खेळ केला. जुना बांगडा उघडायचा, सेव्ह करायचा, बंद करायचा, वीस वेळा. समजूत अशी होती की दर वेळी थोडा थोडा झिजेल, वडाच्या झाडाखालच्या पारासारखा. तसं झालं नाही. त्याच दर्जावर, काहीही न बदलता सेव्ह केलं तर पहिल्या काही वेळांनंतर तो फारसा बिघडत नाही. आकडे एकदा ढोबळ झाले की परत तसेच ढोबळ होतात.

मग दर वेळी डावीकडून तीन पिक्सेल कापून सेव्ह केलं. आता मात्र वाट लागली. कापलं की आठ-आठच्या फरशा सरकतात, जुन्या फरशांच्या कडा नव्या फरशांच्या पोटात येतात आणि त्यांनाच तपशील समजून परत ढोबळ केलं जातं. विसाव्या प्रतीत बांगड्याला खरूज झाली होती. गटांवर फिरणाऱ्या चित्रांचं हेच होत असतं. कोणी नुसतं पुढे ढकलत नाही, कोणी कड कापतो, कोणी खाली आपलं नाव टाकतो, कोणी स्क्रीनशॉट काढून पाठवतो.

१९ जून

वाचनालयाचं बोधचिन्ह मागितलं होतं. डॉक्स फाइलमध्ये चिकटवून आलं. स्क्रीनवरून कापून घेण्यापेक्षा फाइलच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं आणि उघडलं. डॉक्स ही आतून झिपच असते, चित्रं 'मीडिया' नावाच्या फोल्डरात. तिथे बोधचिन्ह पुरेसं मोठं निघालं. क्रिताची फाइलही अशीच झिप आहे, तिच्यात सगळे लेयर एकत्र केलेलं एक पीएनजी आयतं ठेवलेलं असतं. कोणाकडे क्रिता नसेल तर हे उपयोगी पडतं.

बोधचिन्ह जीआयएफ होतं, २५६ रंगांचं, कडा करवतीसारख्या. नंतर नव्याने काढून घेतलं. भाच्याने विचारलं, इतके प्रकार कशाला? पीएनजीचं तरी सांगता आलं : जीआयएफमध्ये जी दाबण्याची युक्ती वापरलीय तिच्यावर पेटंट होतं, १९९५ च्या सुमाराला त्यावरून पैसे मागायला सुरुवात झाली, तेव्हा लोकांनी मिळून कोणाचीही परवानगी न लागणारा प्रकार तयार केला. १९९६ मध्ये पीएनजी आला. त्यात दाबण्याची पातळी एक ते नऊ काहीही ठेवा, चित्र तेच राहतं, फक्त वेळ आणि फाइलचा आकार बदलतो. हे न कळून मी कितीतरी दिवस 'चांगला दर्जा' म्हणून पातळी एकवर ठेवून फुकट जड फाइली वागवत होते.

२६ जून

हलवा, रावस, लेप, कर्ली झाले. मोरी राहिली. लेपात रंग काय वापरायचे हा प्रश्नच नाही, वाळूचे.

४ जुलै

मागचा समुद्र. फलकाच्या पूर्ण मापाचा, ७०१६ बाय ४९६१. वरून खाली फिका ते गडद निळा, एकच सरळ उतार, म्हणून घाईत आठ बिटमध्ये केला. पट्टे दिसले. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरतं तेव्हा आतल्या दगडांवर ओळी राहतात तसे.

आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या पायऱ्या २५६. माझा उतार त्यातल्या साठेक पायऱ्यांतच होता. ४९६१ पिक्सेलना साठ पायऱ्या म्हणजे एक पायरी सुमारे ८३ पिक्सेलची, छापल्यावर सात मिलिमीटर रुंद. डोळ्याला कड पकडायला तेवढी रुंदी भरपूर. १६ बिटमध्ये पुन्हा केला, पट्टे गेले. शेवटी कागदासाठी आठ बिट करावेच लागतील, तेव्हा ते परत येऊ नयेत म्हणून वर अगदी हलक्या दाण्यांचा एक लेयर टाकला. दाणे दिसत नाहीत, पण पायरीची कड विस्कटून टाकतात. पाण्याला थोडी जानही आली.

मासे फलकाच्या फाइलमध्ये चिकटवले नाहीत, 'फाइल लेयर' म्हणून जोडले. म्हणजे फलक प्रत्येक माशाच्या मूळ फाइलकडे बघतो आणि मूळ बदललं की इकडेही बदलतं. लहान-मोठं करायला ट्रान्सफॉर्म मास्क. पूर्वी मी मासा ओढून लहान करायची, मग वाटायचं जरा मोठा हवा, परत ओढायची, पुन्हा लहान. दर ओढीला पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि मासा शिळ्या मासळीसारखा मऊ पडतो. मास्कमध्ये कितीही ओढा, मोजणी मुळापासून एकदाच होते.

९ जुलै

प्रेसला नमुना पाठवायचा होता. मी बाजारात, म्हणून भाच्याला फोनवरून पाठवायला सांगितलं. दुपारी प्रेसमधून फोन : "मॅडम, फाइल लहान वाटतेय, परत द्या." त्याने चॅटवर फोटो म्हणून पाठवली होती. ४९६१ उंचीचा समुद्र तिकडे हजारबाराशेवर उतरलेला.

त्याला ओरडणार होते, पण माझाच बांगडा आठवला. बसवून दाखवलं : तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडली की जशीच्या तशी जाते, फोटो म्हणून जोडली की वाटेत दाबली जाते. क्लाउडवर ठेवतानाही तेच बघायचं. फाइल ठेवायची जागा वेगळी आणि फोटो ठेवायची वेगळी, आणि फोटोवालीत 'जागा वाचवा' चालू असेल तर मूळ राहत नाही. पोचल्यावर खात्री कशी करायची, हेही त्याला आवडलं. दोन्हीकडे शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणावा असा आकडा, काढायचा. चौसष्ट अक्षरी आकडा तंतोतंत जुळला तर फाइलमधला बिटसुद्धा हललेला नाही. आता तो गाण्यांचेही चेकसम काढत बसलाय.

१५ जुलै

प्रेसला पीडीएफ हवी, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत. माझं सगळं एसआरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात. रूपांतराआधी कुठलं प्रोफाइल, म्हणजे कुठल्या कागदावर शाई कशी उतरते त्याचा तक्ता, ते विचारलं, कारण आंधळेपणाने केलं तर रंग कागदावर काय होतील सांगता येत नाही. उत्तर आलं, कोटेड कागद, फोग्रा ३९. तेवढं कळलं की क्रितामध्ये छापल्यासारखं आगाऊ बघता येतं.

बघितलं, आणि समुद्र मेला. वरचा तो उजळ हिरवा-निळा, दुपारी बाराचा, शाईत बसतच नाही. स्क्रीन उजेड फेकते, कागद आलेला उजेड परत देतो, शाई त्यातलाही खाते. काही रंग चार शायांच्या आवाक्याबाहेरच आहेत आणि माझा समुद्र नेमका तिथे पोहायला गेला होता. फाइल कशीही सेव्ह केली तरी हे वाचणार नव्हतं. दोन दिवस पाण्याचा रंग ओढत बसले. शेवटी तो सकाळचा ढगाळ समुद्र झाला. खरं सांगायचं तर मासे आता जास्त उठून दिसतात.

मूळ आरजीबीच ठेवलं. सीएमवायके ही 'बाहेर'मधली एक प्रत, या कागदासाठी, या प्रेससाठी. मोबाइलच्या प्रती आरजीबीतूनच निघतील.

२० जुलै

चित्र टिफ म्हणून काढलं, दाबणी एलझेडडब्ल्यू, म्हणजे न गमावणारी. पीएनजी इथे चालत नाही, त्यात सीएमवायके नसतंच. अक्षरं मात्र चित्रात नाहीत, ती स्क्रायबसमध्ये, म्हणजे पान मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, वरून टाकली. नावं चित्रातच लिहिली असती तर तीही पिक्सेल झाली असती. वेगळी ठेवली की ती रेषांचीच राहतात, कितीही मोठी करा, कड धारदार. प्रेसकडे माझा फॉन्ट नसला तर जोडाक्षरं फुटतात, म्हणून अक्षरांच्या बाह्यरेषा करून टाकल्या. त्याआधी शुद्धलेखन तीनदा तपासलं, कारण त्यानंतर 'मुडदुशी' सुधारता येत नाही. काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत. चारही शायांचं काळं केलं आणि छापताना एखादी केसभर सरकली तर प्रत्येक वेलांटीला रंगीत सावली येते.

पीडीएफ काढताना चित्रांची दाबणी 'आपोआप' होती. ती तशीच राहिली असती तर एवढं सांभाळून आणलेलं टिफ शेवटच्या दारात जेपेग होऊन बसलं असतं. 'लॉसलेस', म्हणजे न गमावणारी, केली. चित्रं लहान करण्याची खूणही काढली.

२२ जुलै

फ्लेक्सची फाइल वेगळी. सहा बाय चार फूट आणि ए२ यांचा आकार सारखा नाही, वरचं-खालचं थोडं पाणी कापलं. इंचाला ९७ पिक्सेल पडले. फ्लेक्सवाल्याने ७२ पण चालतं म्हणून सांगितलं होतं. तो पुढे म्हणाला, "जेपेग द्या, माझं मशीन टिफला वेळ लावतं." दिली : मुळातून, एकदाच, ४:४:४.

२५ जुलै

नमुना आला. ए२ कागद टेबलावर अंथरला, भिंग घेऊन बसले. तांबोशीचा काटा आणि काटा. बांगड्याचा ठिपका गोल. समुद्रात पट्टा नाही. मी खूश.

संध्याकाळी काकी आल्या. चाळीस वर्षं बाजारात बसल्यात. पापलेटावरून, हलव्यावरून नजर फिरवली आणि बांगड्यावर थांबल्या.

"ह्यो खयचो बांगडो गो?"

"काकी, आपलोच."

"शेपटेकडे बारकी पखां पाच असतत. तू चारच काढलंस."

मी भिंग घेऊन वाकले. पाठीच्या परामागे शेपटीपर्यंत ते सुटे छोटे पर, वर चार, खालीही चार. खऱ्या बांगड्याचा फोटो शोधून बघितला, पाच आणि पाच. तो जुना, खरूज झालेला बांगडा उघडला. त्यातही चारच. दोन वर्षं कॅलेंडर सगळ्या गावाच्या भिंतीवर होतं.

"चष्म्याशिवाय दिसलं तुम्हाला?" म्हणून विचारलं.

"बांगडो बघूक चष्मो कित्याक लागता?"

२६ जुलै

पर स्वतःच्या लेयरवर होते. चार जरा आवळून घेतले, पाचवा काढला, खालीही तसंच. वीस मिनिटं. फलकाची फाइल उघडली तेव्हा तिथे बांगडा आधीच बदललेला होता. टिफ, पीडीएफ, फ्लेक्स, सगळं परत काढलं. 'बाहेर' फोल्डर आधी पूर्ण रिकामं केलं, म्हणजे जुनं नवं मिसळायला नको. इसवणीचे पर मोजून घेतले, वर नऊ. तिच्या जातीत आठ ते दहा असतात, बरोबर आहेत. काकींना विचारूनही घेतलं.

३० जुलै

छपाईला गेलं. 'मूळ' फोल्डरच्या तीन प्रती : लॅपटॉपवर, बाहेरच्या डिस्कवर, आणि एक डिस्क कुडाळला भावाकडे. आमच्या घराला खारा वारा, दोन पावसांत पेन ड्राइव्हची टोपी गंजते. चेकसमची यादी तिन्हीकडे ठेवली.

मोबाइलच्या प्रती काढल्या, बारा माशांच्या बारा, रुंदी १०८०, एसआरजीबी, ४:४:४. लहान केल्यावर थोडी धार द्यावी लागली, लहान होताना रेघा मऊ पडतातच. पार्श्वभूमी घालूनच काढल्या. पारदर्शक ठेवून जेपेग केली असती तर पारदर्शक भाग जेपेगला कळत नाही, तो कुठलातरी रंग भरतो.

५ ऑगस्ट

फलक वाचनालयाच्या दारात लागला, फ्लेक्स बंदराच्या वाटेवर. होड्या पाण्यात आहेत. ग्रंथपाल मॅडमनी गटावर बातमी टाकली, सोबत चित्र. उघडून बघितलं. फलकाचा फोटो नव्हता, दोन वर्षांपूर्वीचा बांगडा होता, १६०० पिक्सेलचा, चार परांचा. त्याखाली सत्तावीस अंगठे आणि काकींचा एक आवाजी निरोप, जो मी अजून ऐकलेला नाही.